राहुकाळानंतरची सही

गिरण्यांच्या संपाच्या दुसऱ्या वर्षी, दिवाळीच्या आसपास, मुलुंडच्या आमच्या सोसायटीतले काका थोडक्यात बोलू लागले.

त्याआधी ते थोडक्यात बोलत नसत. जिन्यात कुणी भेटलं की हातातली पिशवी खाली ठेवत, कठड्याला पाठ टेकत आणि म्हणत, "थांब. पयल्यापासून सांगतंय." दूध आणायला निघालेला माणूस थांबायचा आणि त्याच्या घरी चहा खोळंबायचा. असा एक माणूस तुमच्याही जिन्यात असेल.

मी तेव्हा एका दैनिकात उपसंपादक होतो. दुसऱ्यांच्या बातम्या कापणं हेच माझं काम. काका मला घड्याळाकडे बघताना पकडत आणि म्हणत, "तू पेपरवालो. तुका सगळा चार ओळीत होया. जेवतस तरी पुरा की थोडक्यात?"

ते मालवणकडचे. परळच्या एका गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, होते. लग्न केलं नव्हतं. मोठी बहीण, आक्का, म्युनिसिपल शाळेत शिक्षिका होती, तीही अविवाहित. फ्लॅट तिने फंडातून आणि कर्ज काढून घेतला होता. ती शाळेत जाई, हे पाळीप्रमाणे गिरणीत. रविवारी मासे तेच करत. संप सुरू झाल्यावर घर आक्काच्या पेन्शनवर चाललं. मग आक्का गेली.

तिने मृत्युपत्र करून ठेवलं होतं. फ्लॅट आणि बँकेतली ठेव भावाच्या नावे. त्या मृत्युपत्राची गोष्ट काकांनी सोसायटीत प्रत्येकाला निदान एकदा सांगितली होती. आम्हाला ती पाठ होती.

गोष्ट अशी. आक्काने घरी सत्यनारायण घातला आणि त्याच दिवशी मृत्युपत्रावर सह्या करायचं ठरवलं. साक्षीदार दोन: पूजा सांगायला आलेले गुरुजी आणि शेजारचे एक वृद्ध गृहस्थ. कागद पुढे आला तेव्हा गुरुजींनी पंचांग काढलं. राहुकाळ चालू होता. "बाई, तुम्ही राहुकाळ टळल्यावर सही करा. साक्षीदाराला दोष नाही," असं म्हणून त्यांनी स्वतःची सही ठोकली, कारण त्यांना भांडुपला दुसरी पूजा होती. शेजाऱ्यांनीही सही केली आणि ते जेवायला घरी गेले. गुरुजी शिऱ्याचा डबा घेऊन घाईने जिना उतरले. आक्काने देवापुढे बसून राहुकाळ टळेपर्यंत वाट पाहिली आणि मग सही केली. इथे काका हसू लागत, कारण गोष्टीचा कळस पुढे होता. "आणि गुरुजी खंयच्या चपला घालून गेले? माझ्या! भांडुपाक माझ्या चपलांनी पूजा सांगितल्यानी!"

आक्का गेल्यावर काका मृत्युपत्र घेऊन सोसायटीच्या सेक्रेटरींकडे गेले. सेक्रेटरी म्हणाले, "काका, तुमच्याबद्दल शंका नाही. पण हायकोर्टातून प्रोबेट आणा, म्हणजे कोर्टाने हे मृत्युपत्र खरं ठरवलं असा कागद. त्याशिवाय नाव लागणार नाही." बँकेनेही ठेवीसाठी तेच सांगितलं. म्हणजे पैसे मिळायला प्रोबेट हवं आणि प्रोबेटला पैसे. शेजारचे वृद्ध साक्षीदार तोवर वारले होते.

फोर्टमधल्या एका सॉलिसिटरचं नाव कुणीतरी दिलं. इंग्रजी कळावं म्हणून काका मला बरोबर घेऊन गेले. बाहेरच्या टेबलावरच्या क्लार्कने आधीच सांगून ठेवलं. साहेबांच्या प्रत्येक भेटीची फी. पत्र लिहिलं तर पत्राची, फोन केला तर फोनची. अर्ज बॅरिस्टर तपासणार, त्यांची वेगळी. कोर्ट फी मिळकतीच्या किमतीवर, ती यात धरलेली नाही. आणि सुरुवातीला काही रक्कम जमा. काका ऐकून घेत होते. क्लार्क थांबल्यावर म्हणाले, "आणि बसूचे किती?"

क्लार्क हसला नाही.

आत सॉलिसिटर सभ्य माणूस होता. त्याने पाणी मागवलं, मृत्युपत्र वाचलं आणि सह्या कशा झाल्या ते विचारलं. काकांनी पिशवी खाली ठेवली. "थांबा. पयल्यापासून सांगतंय. आक्कान सत्यनारायण घातल्यान…"

"थोडक्यात सांगा," सॉलिसिटर म्हणाला. "तुमचेच पैसे वाचतील. दोन साक्षीदार, दोघांच्या सह्या, त्याच दिवशी, त्याच घरात. बरोबर?"

काकांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. "बरोबर."

जमा करायच्या रकमेसाठी त्यांनी गावच्या आंब्याच्या कलमांतला आपला हिस्सा चुलतभावाला विकला. पुढच्या भेटींना जाताना ते घरीच वाक्यं जुळवत. एकदा मला थांबवून त्यांनी ती म्हणून दाखवली. तीन वाक्यं होती. "आता माका पण चार ओळीत जमता," ते म्हणाले. ही सवय जिन्यातही आली. आमच्या हिने एकदा मुद्दाम विचारलं, "काका, ती चपलांची गोष्ट सांगा ना." ते म्हणाले, "गुरुजी माझ्या चपला घालून गेले," आणि वर गेले.

अर्ज तयार झाला, बॅरिस्टरने तपासला, टाइप झाला. आता एका साक्षीदाराचं प्रतिज्ञापत्र हवं होतं. गुरुजी मुलुंड सोडून गेले होते. शोधायला माणूस लावला तर त्याचे पैसे, म्हणून काका स्वतः फिरले. मुलुंड, भांडुप, घाटकोपर इथल्या देवळांत विचारत शेवटी बोरिवलीला गुरुजी सापडले. गुरुजींनी त्यांना ओळखलं, चपलांबद्दल माफी मागितली आणि फोर्टला यायला लगेच तयार झाले.

सॉलिसिटरने प्रतिज्ञापत्र मराठीत समजावून सांगितलं. बाईंनी माझ्यादेखत सही केली, असं त्यात होतं. गुरुजींनी पेन खाली ठेवलं.

"मी नव्हतो हो तेव्हा. मी भांडुपला होतो. त्यांनी राहुकाळानंतर केली असेल. मीच तसं सांगितलं होतं."

"आणि ते दुसरे साक्षीदार?"

"ते माझ्याबरोबरच उठले."

"सही केल्याचं बाईंनी नंतर कधी तुम्हाला दाखवलं?"

"नाही."

सॉलिसिटरने कागद एकावर एक ठेवले. साक्षीदारांनी सही होताना पाहिली नसेल, किंवा करणाऱ्याने ती त्यांच्याजवळ कबूल केली नसेल, तर मृत्युपत्र टिकत नाही, असं त्याने सांगितलं. मग काकांकडे वळून, आवाज न चढवता विचारलं, "हे तुम्ही मला पहिल्या दिवशी का नाही सांगितलंत? तेव्हाच थांबलो असतो. एवढा खर्चच झाला नसता."

काका म्हणाले, "तुम्ही थोडक्यात सांगा म्हणालात."

गुरुजी म्हणाले, "मला खोटी शपथ घ्यायला सांगू नका." काका म्हणाले, "नाय सांगत." त्या भेटीचीही फी बिलात होती.

मृत्युपत्र नाही म्हटल्यावर आक्काच्या मिळकतीत काकांच्या वारलेल्या थोरल्या भावाच्या मुलाचा अर्धा वाटा आला. पुतण्या घाटकोपरला चाळीतल्या एका खोलीत बायको, दोन मुलं आणि आईसह राहत होता. तो काकांकडे आला तेव्हा मी तिथे होतो. खुर्चीच्या कडेवर बसला होता. "काका, तुम्हाला बाहेर काढायचं माझ्या मनात नाही. पण माझा वाटा विकत घ्यायला तुमच्याकडे पैसे आहेत का?"

"नाय."

"माझ्याकडे पण नाहीत तुमचा घ्यायला. मग काय करू, तुम्हीच सांगा."

काकांनी त्याला चहा दिला.

फ्लॅट विकला गेला, बँकेतली ठेवही अर्धी अर्धी झाली. काकांच्या अर्ध्या वाट्यातून सॉलिसिटरचं शेवटचं बिल, बॅरिस्टर, टायपिंग आणि संपाच्या काळातली उसनवारी फिटली. उरलेल्यात विरारलाही खोली येत नव्हती. गिरणीने कामावर परत घेतलं नव्हतं. ते गावी जायला निघाले, चुलतभावाच्या पडवीत राहायला. समोरच्या परड्यात त्यांनी विकलेली कलमं होती.

निघताना एक ट्रंक, एक वळकटी आणि आक्काचा सत्यनारायणाचा चौरंग एवढं सामान रिक्षात होतं. सोसायटीतले बरेच जण खाली आले होते. मी म्हटलं, "काका, रिक्षा थांबेल पाच मिनिटं. नीट सांगा, पुढे काय ठरवलंय?"

त्यांनी पिशवी खाली ठेवली. मग मीटरकडे पाहिलं आणि पिशवी परत उचलली.

"जातंय," ते म्हणाले.

फाटकाजवळच्या बोर्डावर तोवर आक्काचंच नाव होतं. त्याखाली काकांचं नाव प्रोबेट आल्यावर लिहायचं ठरलं होतं आणि तेवढी जागा सोडलेली होती. पुढच्या महिन्यात पेंटर आला. त्याने आक्काच्या नावावर आणि खालच्या मोकळ्या जागेवर पांढरा रंग दिला. तो वाळल्यावर नव्या मालकांचं नाव लिहिलं.