हिमनदीच्या फाटकापर्यंत

कॉम्प्रेसरची आणि माझी पहिली भेट झाली, तेव्हा आमच्या घरातली पाच माणसं, एक पोपट आणि बहुधा भिंतीवरचं घड्याळसुद्धा श्वास रोखून उभं होतं. आमचा फ्रीज आदल्या दिवसापासून कण्हत होता. हा गृहस्थ आत आला, ना नमस्कार ना चमत्कार, थेट फ्रीजला मिठी मारून त्याच्या पाठीला कान लावला, डोळे मिटले आणि एक हात वर केला. सगळे चिडीचूप. सासूबाईंना खोकला आला होता, तो त्यांनी तसाच गिळला. पुढे चार दिवस तो त्यांना पोटात जाणवत होता म्हणे. किती वेळ गेला कोण जाणे, त्या अवधीत माझी दाढी वाढली. अखेर डोळे उघडून तो म्हणाला, "जगेल." मी आयुष्यात दोनदाच रडलो आहे, त्यातलं हे दुसरं.

त्याचं खरं नाव आमच्या इमारतीत फक्त पोस्टमनला ठाऊक. बाकी सगळे त्याला कॉम्प्रेसर म्हणतात, कारण तो बोलायला लागला की वीस मिनिटं सलग घरघरतो, मग खट्‌कन बंद पडतो आणि पुढची वीस मिनिटं काही केल्या सुरू होत नाही. माणूस सोन्यासारखा. फक्त बिघडलेलं यंत्र दिसलं की त्याला बायको दिसत नाही.

बायको म्हणजे आमच्या बाई. एकतीस वर्षं शाळेत भूगोल शिकवतात. स्वभावाने इतक्या सरळ की त्यांच्या हातचा नकाशा पट्टीशिवाय काढलेला असला तरी पट्टीने काढल्यासारखा दिसतो. आयुष्यात त्या एकदाच खोटं बोलल्या. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी हिमनद्यांचा धडा चालू असताना मागच्या बाकावरून कोणीतरी विचारलं, "बाई, तुम्ही पाहिलीय का हो?" आणि बाईंच्या तोंडून "हो" निसटलं.

त्या "हो"ला पुढे पाय फुटले. एका वर्गाने ते खालच्या वर्गाला सांगितलं आणि त्या वर्गाने वर्णन मागितलं. बाईंनी निळ्या भेगा दिल्या. पुढच्या वर्षी पायाखालचा कडकड आवाज द्यावा लागला. दहाव्या वर्षापर्यंत बाई एका भेगेत पडता पडता वाचल्या होत्या, आणि वाचवणाऱ्या वाटाड्याला मिशाही आल्या होत्या. प्रत्यक्षात बाईंनी बर्फ पाहिला होता तो नवऱ्याने उघडलेल्या फ्रीजरमध्ये.

यंदा त्या निवृत्त होणार होत्या. हिमनद्यांचा धडा शेवटचा शिकवण्याआधी एकदा हिमनदीवर पाय ठेवायचा आणि ते "हो" खरं करून टाकायचं, एवढीच त्यांची इच्छा. म्हणून दोघांनी आठ दिवसांचा मोटारीचा प्रवास आखला: आधी समुद्रकिनारा, मग डोंगर, मग हिमनदी. तिच्यावर उतरायची वाट मोसमाच्या शेवटच्या रविवारी दुपारी चारला बंद होते, ती थेट पुढच्या वर्षी उघडते. बाईंनी तासिकांसारखं वेळापत्रक केलं आणि अट घातली, हत्यारांची पेटी घरी ठेवायची. पेटी घरी राहिली. कान बरोबर गेले.

पहिल्याच मुक्कामी, गाडीतून उतरता उतरता त्याला खानावळीच्या स्वयंपाकघरातला फ्रीज ऐकू आला. मालकाकडून पेचकस मागून तो जो आत घुसला, तो काळोख पडल्यावरच बाहेर आला. बाई कड्यावर एकट्या उभ्या. खाली समुद्र नुसता उसळत होता. नंतर त्या मला म्हणाल्या, "एवढा मोठा देखावा, आणि 'बघा हो' म्हणायला शेजारी माणूस नाही."

तिसऱ्या दिवशी बंदर लागलं आणि तिथला बर्फाचा कारखाना बंद पडलेला. बर्फाशिवाय होड्या समुद्रात जाईनात. नाल्यात कागदी नाव सोडणाऱ्याच्या हाती जहाजाचं सुकाणू यावं, तसं आमच्या कॉम्प्रेसरचं झालं. दोन दिवस तो त्या राक्षसी यंत्राच्या पोटात होता. बाई धक्क्याच्या भिंतीवर बसून वेळापत्रकातल्या तासिका खोडत होत्या. चांगल्या कामात अडकलेल्या नवऱ्यावर धड चिडताही येत नाही, आणि चिडणं तर गळ्यापर्यंत आलेलं.

कारखाना सुरू झाला. कोळ्यांनी उपकार म्हणून टोपलीभर मासे बर्फात घालून गाडीत, बाईंच्या पायाशी ठेवले. बर्फ वितळून पाणी चपलांत शिरलं तेव्हा नवरा म्हणाला, "घे, तुझी हिमनदी." पुढचे नव्वद किलोमीटर बाई बोलल्या नाहीत.

बोलल्या त्या औषधाच्या दुकानासमोर. तिथून त्यांनी कापूस घेतला आणि नवऱ्याच्या दोन्ही कानांत ठासून भरला. आता हिमनदी येईपर्यंत हा काढायचा नाही. तोही मुकाट्याने गाडी चालवू लागला. अपराधी होता बिचारा. घाट आले, सुळके आले, ढगांत शिरलेली शिखरं आली. बाईंनी एकाही ठिकाणी थांबू दिलं नाही. शिखरं काय, पुस्तकात होतीच.

रविवारी सकाळी खिंडीच्या अलीकडे गाडीतून बारीक किंचाळल्यासारखा आवाज येऊ लागला. पाऊण तासाने इंजिनाचा पट्टा तुटला. कॉम्प्रेसरने कानातला कापूस काढला, बॉनेट उघडलं, झिजलेला पट्टा हातात धरून पाहिला.

"हा काही एकदम तुटलेला नाही. ओरडला असणार. तुला आवाज आला नव्हता?"

"आला होता."

"मग सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर तुम्ही थांबला असता."

कॉम्प्रेसर खट्‌कन बंद पडला. हत्यारं घरी, रस्ता ओसाड, माशांचा वास वाढत चाललेला. तीन तासांनी एका ट्रकवाल्याकडे जुना पट्टा आणि पाने मिळाले.

फाटकाशी पोचले तेव्हा चार वाजून चाळीस मिनिटं झाली होती. हिमनदी वळणापलीकडे, इथून दिसत नव्हती. फाटकावर तिचं छायाचित्र होतं, बाईंच्या वर्गातल्या तक्त्यापेक्षा लहान. राखणदार कुलूप लावून चौकीत बसला होता. बाईंनी त्याला शेवटचं वर्ष, शेवटचा धडा, सगळं सांगितलं. तो म्हणाला, ताई, नियम सगळ्यांना सारखा. मग कॉम्प्रेसर पुढे झाला. जन्मात पहिल्यांदा त्याने आपली विद्या बायकोसाठी विकायला काढली.

"दादा, चौकीतला फ्रीज बघून देतो. फुकट. फक्त पाच मिनिटं फाटक उघडा."

राखणदाराने त्याच्याकडे नीट पाहिलं. "आम्हाला इथे फ्रीज लागत नाही," तो म्हणाला.

परतीच्या वाटेवर दोन दिवस दोघं एकमेकांवर धुमसत राहिले. मला दोघांनी वेगवेगळं गाठून सगळी हकीकत सांगितली, आणि दोघांचंही म्हणणं मला पटलं; त्यामुळे दोघंही माझ्यावर चिडले.

धड्याचा दिवस आला. बाईंनी निळ्या भेगा वगळल्या, मिशीवाला वाटाड्या वगळला. खडू खाली ठेवला आणि म्हणाल्या, "मुलांनो, मी हिमनदी पाहिलेली नाही. आजवर सांगत आले, ते खरं नव्हतं." पुढच्या बाकावरच्या मुलीने पेन उघडून विचारलं, हे वहीत लिहायचं का.

बाई नको म्हणाल्या. तास संपायला अजून पंचवीस मिनिटं होती.