मोजणीच्या गावचा उपास

वऱ्हाडात निघालो तेव्हा माझ्या डोक्यात खाण्याशिवाय दुसरा विचार नव्हता. माझा मेहुणा वसंता बुलढाणा जिल्ह्यात सरकारी मोजणीदार होता. दर दिवाळीला तो पुण्याला येई आणि तिकडच्या रोडग्यांचं (कणकेचे गोळे गोवऱ्यांच्या निखाऱ्यावर भाजून तुपात बुडवतात) असं वर्णन करी, की आमच्या घरच्या पोळीवरून माझं मन उडे. महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं आणि मराठी माणसानं मराठी मुलूख पाहिला पाहिजे असं जो तो म्हणत होता. मला तेवढं निमित्त पुरलं.

पौषातल्या एका पहाटे मलकापूरला गाडीतून उतरलो. तिथून निघालेली एस.टी. राजूरच्या घाटात दमली, की कंडक्टर उतरून चाकाखाली दगड लावी आणि इंजिनाला पाणी पाजी. तेवढ्यात आम्ही उतरून दरीकडं बघत कुडकुडत उभे राहायचो. शेजारच्या म्हाताऱ्यानं विचारलं, ‘काऊन जाऊन राह्यले इकडं?’ मी म्हटलं, मोजणी बघायला. त्यानं माझ्या चष्म्याकडं आणि रिकाम्या हातांकडं पाहिलं. ‘मंग भाकर बांधून आनली का?’ हा प्रश्न मला तेव्हा अगदीच गैरलागू वाटला.

वसंता चिखलीच्या मोटारस्टँडवर उभा होता. पायाशी लोखंडी साखळीची जुडी, झेंड्यांचे बांबू आणि तिपाई. त्याचा स्वयंपाक करणारा शिपाई तापानं पडला होता, म्हणून शिधा आम्हीच एका पोत्यात भरला आणि बैलगाडीनं निघालो. दोन्ही अंगांना तूर पिवळी पडत आली होती, ज्वारीवर पाखरं होती आणि रस्ता म्हणजे चाकोऱ्या होत्या. कंदिलाच्या रॉकेलची बाटली शिध्याच्याच पोत्यात ठेवण्याची कल्पना माझी. गावात पोचून पोतं उघडलं, तर कणीक, डाळ, तांदूळ, सगळ्यांनी रॉकेल पिऊन घेतलं होतं.

गाव अमडापूरच्या अलीकडं आहे. नाव सांगत नाही, कारण तिथले दोन्ही पाटील अजून हयात आहेत. नामदेव पाटील आणि श्रीपत पाटील हे चुलतभाऊ. शेतं लागून, आणि मधल्या धुऱ्याच्या (बांधाला तिकडं धुरा म्हणतात) खालच्या टोकाला एक बोरीचं झाड. त्या बोरीवरून दोघांचं बोलणं कित्येक वर्षं बंद होतं. बोरं किडकी होती असं सगळं गाव सांगे, पण किडकी असली म्हणून काय झालं, ती आपल्या बापाची, असं दोघांचंही म्हणणं. आता दोघांनी मिळून नव्हे, पण एकाच वेळी, मोजणी मागितली होती.

आमचा मुक्काम शाळेत होता. बसतोय तोच नामदेव पाटलांचा माणूस बोलावणं घेऊन आला: वाड्यावर रोडगे आणि वांग्याची भाजी तयार आहे. त्याच्या पाठोपाठ श्रीपत पाटलांचा: तिकडं पुरण शिजतंय. मी पायात चपला घातल्या. वसंतानं माझा दंड धरला आणि दोघांनाही हात जोडून परत पाठवलं. मोजणी कायम होईपर्यंत कोणत्याही पक्षाच्या घरचं पाणीसुद्धा घ्यायचं नाही, असा त्याचा नेम होता. मी म्हटलं, मी कुठं सरकारी आहे? तो म्हणाला, ‘तू माझा मेहुणा आहेस. गावाच्या दृष्टीनं तुझं पोट ते माझंच पोट.’

चहाच्या हॉटेलात गेलो, तर मालक नामदेव पाटलांचा साडू निघाला. दुकानात फुटाणे घ्यायला गेलो, दुकानदार श्रीपत पाटलांचा व्याही. पैसे देऊन घेऊ म्हटलं, तर वसंता म्हणे, तो वजनात जास्त घालील आणि उद्या गावभर सांगेल. अख्खं गाव असं उभं चिरलेलं होतं. विहिरीचं पाणी पिऊन आम्ही झोपलो. मला वसंताचा, त्याच्या खात्याचा आणि स्वतःच्या हौसेचाही मनस्वी राग आला होता.

सकाळी मोजणीला सगळा गाव लोटला. साखळी धरायला दोन्ही पक्षांनी एकेक गडी दिला होता. नामदेव पाटलांचा गडी साखळी अशी ताणी, की तुटते की काय वाटावं. श्रीपत पाटलांचा गडी अशी ढिली सोडी, की तिच्यावर कपडे वाळत घालावेत. शेवटी वसंतानं दोघांना बाजूला करून एक टोक माझ्या हातात दिलं. रिकाम्या पोटी ढेकळांतून साखळी ओढत मी धुऱ्यावर पोचलो आणि बोरीखाली वाकून एक बोर तोंडात टाकणार, एवढ्यात वसंता लांबून ओरडला, ‘वादातली मालमत्ता आहे ती!’ मी बोर होतं तिथं परत ठेवलं.

दुपारी काम थांबलं तेव्हा वसंतालाही गरगरायला लागलं होतं. तोच म्हणाला, नाल्याच्या अंगाला बौद्धांची वस्ती आहे, या भाऊबंदकीशी त्यांचा काय संबंध? आम्ही पहिल्याच घरासमोर उभे राहिलो. सारवलेलं अंगण, आत भिंतीवर बुद्धाची तसबीर, चुलीवर भाकरी फुगत होती. घरधनीण शेवंताबाई, पन्नाशीच्या आसपासची विधवा, कपाळाला आठ्या घालून दारात आली. वसंतानं, आयुष्यात पहिल्यांदाच असेल, भाकरी मागितली.

‘देत नाही,’ ती म्हणाली.

आमच्या जेवणाखाण्यानं बाटण्याची भीती हिला वाटत असेल की काय, असा एक खुळा विचार माझ्या मनात येऊन गेला.

‘साहेब, खालचं नालीच्या काठचं वावर कोनाचं हाये? माहं. दोन्ही पाटलाइचे धुरे माह्याच वावरावर येऊन टेकते. दर साली दोघं बी नांगर जरासा खाली घेते. आज तुमच्या साखळीत माही हद्द बी निंगन. अन् मी तुमाले भाकर देल्ली, तं हे म्हनतीन, बाईनं साहेब भाकरीवर घेतला. मंग तुमचा गोटा कोन मानीन?’

गोटा म्हणजे हद्दीचा दगड. वसंताचा चेहरा पडला. शेजारची खातेदार म्हणून शेवंताबाईला नोटीस त्यानंच बजावली होती आणि भुकेच्या भरात तो ते साफ विसरला होता. तिनं पाणीही दिलं नाही. आम्ही पाठ फिरवली तेव्हा भाकरीचा वास मागून येत होता आणि मला, खोटं कशाला बोलू, तिचाही राग आला.

दुपारनंतर वसंतानं नाल्यापलीकडच्या जुन्या शाबूत दगडापासून मोजत आणलं, नकाशा पुन्हा पुन्हा पाहिला आणि झेंडा रोवला. तो बोरीच्या बराच वर, दोन्ही पाटलांच्या तुरीत उभा राहिला. खालचा सगळा पट्टा शेवंताबाईचा होता. बोरीसकट.

मग नामदेव पाटील कित्येक वर्षांनी चुलतभावाशी बोलले. ‘श्रीपत, हे साहेब दुपारी तिच्याच घरी गेल्ते.’

‘हाव दादा. म्या बी आयकलं. तिथंच जेवले असतीन.’

गर्दीत कुजबुज सुरू झाली. शेवंताबाई झेंड्याजवळ उभी होती. एवढा वेळ ठाम असलेली ती बाई आता पदराचं टोक मुठीत आवळून होती, कारण तिच्या बाजूनं बोलणारं कोणी नव्हतं. वसंता बोलला असता तर त्याच्यावर कोणी विश्वास ठेवला नसता. तेवढ्यात नामदेव पाटलांचा साखळी ताणणारा गडी पुढं आला. आमच्यावर नजर ठेवायला पाटलांनीच त्याला दुपारी आमच्या मागं लावलं होतं, आणि नेमून दिलेलं काम आपण चोख केलं हे मालकाला कळावं, एवढाच त्याचा हेतू होता.

‘नाही मालक. बाईनं पानी बी नाही देल्लं. दारातून वापस लावलं. मी मांगंच होतो.’

नामदेव पाटलांनी त्याच्याकडं ज्या नजरेनं पाहिलं, ती मी विसरणार नाही. लोक हसायला लागले. दोघांनीही पंचनाम्यावर सही केली आणि दगड रोवला गेला. यंदाची तूर पाटलांनी तोडून न्यावी, बोर मात्र राहू द्यावी, असं शेवंताबाईनं सांगितलं आणि ती घरी गेली. मला तिच्यापुढं हात जोडायचे होते, ते राहून गेलं.

ती रात्रही विहिरीच्या पाण्यावर काढून दुसऱ्या दिवशी सकाळी फाट्यावर एस.टी.ची वाट बघत बसलो होतो, तोच शेवंताबाई गाठोडं घेऊन आली. वसंता लगेच उठून म्हणाला, ‘बाई, अपिलाची मुदत अजून सरलेली नाही.’ ती म्हणाली, तिला ते ठाऊक आहे आणि हे काही आमच्यासाठी नाही. गाडी आली, तिनं गाठोडं ड्रायव्हरच्या हातात दिलं, त्याच्याशी दोन शब्द बोलली आणि मागं न बघता चालू लागली.

पुढच्या थांब्यावर ड्रायव्हरनं फडकं सोडलं. ज्वारीच्या भाकरी, वांग्याची भाजी, मिरचीचा ठेचा. त्यानं दोन भाकरी आमच्यासमोर धरल्या. ‘बाईनं सांगतलं, दोन उपाशी मानसं गाडीत हायेत, एकट्यानं खाऊ नोको.’

माझा हात पुढं गेला, वसंताचा जागीच राहिला. त्यानं ड्रायव्हरला विचारलं, ‘तुमचं शेत कोणत्या गावी?’

‘मले वावरच नाही जी. म्हनून तं गाडी चालवून राह्यलो.’

त्यानंतर वसंता असा जेवला की माझ्या वाट्याचा ठेचाही उरला नाही.

पुण्याला परतल्यावर बायकोनं पहिला प्रश्न केला तो रोडग्यांचाच. ते राहिलेच, हे सांगताना मला वाईट वाटलं नाही, आणि याचं तिला नवल वाटलं. आग्रह करकरून वाढणारी माणसं मला जन्मभर भेटत आली आहेत. त्यांतल्या निम्म्यांची नावं मला आठवत नाहीत. एकादशीचे उपासही मी बरेच केले आहेत, पण त्यांचं पुण्य कुठं जमा होतं कोण जाणे. हा एक उपास मात्र कुणीही जाऊन बघून यावा. शेवंताबाईच्या वावरात, बोरीच्या बराच वर, त्याचा दगड आहे.