डाव्या खांद्यावरची बंदूक

माझा साडू बंदूक मारायचा. वाघबिघ नाही, पुठ्ठा. पुठ्ठ्यावर काळे गोल छापलेले असत. त्यात हा छरे मारायचा आणि भोकं पडलेला पुठ्ठा घरी आणून शोकेसमध्ये ठेवायचा. आमच्या गावी भोक पडलेली वस्तू उकिरड्यावर टाकतात.

ऐंशीच्या पुढची वर्षं ती. आम्ही घाटकोपरला चाळीत, तो मुलुंडला ब्लॉकमध्ये. बँकेत होता, त्यामुळे त्याला जगातलं सगळं कळायचं. एका रविवारी दोन्ही घरच्या पोरांना नेमबाजी दाखवायला न्यायचं त्याने ठरवलं. त्याने एकाग्रता येते म्हणे. आमच्या घराखाली पिठाची गिरणी घरघरायची, त्या आवाजात आमची पोरं पाढे पाठ करायची. त्यांना हा एकाग्रता शिकवणार. मी जाणारच नव्हतो. पण बायको म्हणाली, माझी बहीण आहे, तोंड वाकडं न करता चला. मी गेलो. तोंडाबद्दल शब्द दिला नव्हता.

क्लबचं मैदान मुलुंडला डोंगराच्या पायथ्याशी. साडू हॅट घालून आला होता. पुठ्ठ्याशी लढायला हॅट. बायकांनी झाडाखाली चादर पसरून आमचे घावणे आणि त्यांची सँडविचं काढली, तोवर ह्याने पोरांना रांगेत उभं करून भाषण सुरू केलं. बंदूक उजव्या खांद्याला, डावा डोळा बंद, श्वास रोखायचा. तेवढ्या वेळात खरी लढाई होऊन तहसुद्धा झाला असता.

आधी त्याचा मुलगा. एखादा छरा लागला की बाप टाळ्या पिटायचा. मग माझा मुलगा, त्याचं निम्मं लक्ष सँडविचात. मग माझी धाकटी, नऊ-दहा वर्षांची. ती डावखुरी.

आमच्या घरात हे मोठं प्रकरण होतं. डाव्या हाताने जेवलेलं मला खपत नसे. ती पानावर बसली की मी तिच्या डाव्या हातावर पाळत ठेवायचो, हलला की डोळे वटारायचो. उजव्याने तिला भात धड कालवता यायचा नाही, मग अर्धपोटी उठायची. मी म्हणायचो, उठू दे, भूक लागली की शिकेल.

तिने बंदूक घेतली ती सरळ डाव्या खांद्याला लावली. साडूने काढून उजव्याला लावली. छरा गेला मागच्या मातीच्या बांधात. तिने परत डाव्याला लावली, ह्याने परत उजव्याला. परत बांध. साडूचा मुलगा खिदळायला लागला. पोरगी रडली नाही, ओठ आवळून उभी राहिली. तेव्हा साडू माझ्याकडे वळला.

"दादा, हिला घरी जरा वळण लावायला हवं होतं."

वळण लावण्यात माझी वर्षं गेली होती, आणि हा पुठ्ठेमार मला सांगतो. मी उठलो. बंदुकीतलं मला ओ की ठो कळत नव्हतं, पण याचं ऐकून घेणं माझ्या रक्तात नव्हतं.

"डाव्याने मार गो तू," मी पोरीला म्हणालो.

साडू म्हणाला, असं चालत नाही, पद्धत असते.

"पुठ्ठ्याला काय कळतंय डावं-उजवं?"

तिने मारलं. काळ्यात लागलं. मधोमध नाही, कडेला, पण काळ्यात. पुढचाही काळ्यातच. साडूने हॅट काढून घाम पुसला आणि वारा पडल्यामुळे सोपं गेलं म्हणाला. सकाळपासून झाडाचं पान हललं नव्हतं. घरी येईपर्यंत मी त्याचं तोंड आठवून खूश होतो.

संध्याकाळी जेवायला बसलो. भात आणि बांगड्याचं कालवण. पोरीने सगळ्यांसमोर डावा हात ताटात घातला. बायकोची पळी हवेतच राहिली. मी डोळे वटारले. पोरीने हात काढला नाही.

"बाबा, भाताला काय कळतंय डावं-उजवं?"

मुलाला हसून ठसका लागला. बायकोने पदर तोंडाला लावला. मी बजावलं, बंदूक वेगळी आणि अन्न वेगळं. आजही माझं तेच म्हणणं आहे, कोणाला विचारायचं असेल त्याने यावं. पण माझाच शब्द होता, तो ताटात पडला होता. मी माझं ताट उचललं, पाट फिरवला आणि भिंतीकडे तोंड करून जेवायला लागलो. जे दिसत नाही त्यावर डोळे कुठून वटारणार?

मागून आवाज आला. ती आईकडे आणखी भात मागत होती.