मागच्या पडवीतली टाकी

प्रवाळांचा खोका आला त्या सकाळी तुंगार्लीच्या डोंगरावर एवढं धुकं होतं की फाटकाशी थांबलेली गाडी बंगला सांभाळणाऱ्या झुंबरबाईला आधी ऐकू आली, मग दिसली. अनघा थर्माकोलचा खोका पोटाशी धरून उतरली.

"मावशी, दार धरा. हिंदकळता कामा नये."

"बाळंतिणीला आणल्यागत आणलंया की, ताई."

"बाळंतीण परवडली."

खोका दिवाणखान्यात गेलाच नाही. तो मागच्या पडवीत गेला. तिथं नवी लहान टाकी केव्हाची चालू करून ठेवली होती: खारं पाणी, निळसर दिवा, पंप, पाणी कोमट ठेवणारी कांडी. अनघानं एकेक प्रवाळ औषधाच्या पाण्यात बुडवून, भिंगाखाली फिरवून बघितलं आणि मग टाकीत ठेवलं. बोटाच्या पेरांएवढे तुकडे होते ते.

"पोवळं म्हंजी अंगठीतला खडा, येवढंच मला ठावं," झुंबरबाई म्हणाली.

"हे जिवंत असतं, मावशी. आणि आता दोन-अडीच महिने हे इथंच राहणार. क्वारंटाइन."

हा शब्द तिला समजावून सांगावा लागला नाही. कोरोनात मुंबईहून परतलेल्या माणसांना कुरवंडे गावच्या शाळेत ठेवलं होतं. भाकऱ्या फाटकाबाहेर ठेवायच्या आणि मागं सरायचं. झुंबरबाई आपल्या हंड्यातलं पाणी न्यायची. माहेरचा तांब्याचा हंडा होता तो. आजारी, परक्या, घाबरलेल्या माणसाला घरातलं सगळ्यात चांगलं पाणी द्यावं, एवढं तिला कळत होतं.

"ह्या टाकीची एकही वस्तू मोठ्या टाकीला लागायची नाही," अनघानं बजावलं. "जाळी वेगळी, फडकं वेगळं, हातसुद्धा धुऊन. मागच्यासारखं झालं तर..."

मागचं दोघींनाही ठाऊक होतं.

दिवाणखान्यातली मोठी टाकी आबांची, म्हणजे अनघाच्या वडिलांची. निवृत्त झाल्यावर त्यांनी डोंगरावर समुद्र आणून मांडला होता. टाकीत हात घालण्याआधी ते मनगटातलं वाताचं कडं काढून झुंबरबाईच्या तळव्यावर ठेवत आणि लहान पोरासारखे बाह्या सावरत. मग अर्धांगाचा झटका आला, वाचा गेली. तेव्हापासून ते चाकाच्या खुर्चीत टाकीसमोर बसत. प्रवाळांच्या झुबक्यांना पाणी हलवायचं, ते डोलले की आबांचं तोंड आपोआप उघडायचं. त्या क्षणी घास द्यायचा. ही जेवणाची रीत झुंबरबाईनं शोधून काढली होती, आणि ती तिच्याशिवाय कुणाला साधत नव्हती.

गेल्या वर्षी अनघानं हौसेनं एक नवं प्रवाळ आणलं, ते थेट मोठ्या टाकीत सोडलं. त्याच्या पोटाखाली बारीक अळ्या होत्या. बघता बघता त्यांनी सगळी टाकी खाल्ली. एक हिरवा झुबका तेवढा राहिला, तोही मिटलेला, न डोलणारा; बाकी पांढरे खडक. आबांचे घास तसतसे कमी होत गेले.

"इथं त्यांचं लक्ष लागेना तर मी त्यांना पुण्याला नेते, मावशी," नवी प्रवाळं ठेवून जाताना अनघा म्हणाली. "ही प्रवाळं जगली तर बघू."

पुण्यात चौथा मजला, नर्स, पांढरी भिंत. झुंबरबाईनं त्या भिंतीकडं तोंड केलेले आबा डोळ्यांपुढं आणले आणि हातातली परात तशीच धरून उभी राहिली.

टाकीतलं पाणी आटतं, मीठ मागं उरतं, म्हणून रोज फिल्टरचं गोडं पाणी भरावं लागे. मोठ्या टाकीसाठी त्याचा एक कॅन होता. लहान टाकीसाठी दुसरा आणायचं अनघा विसरली. झुंबरबाई कॅनपाशी थबकली. एकाची वस्तू दुसऱ्याला लागायची नाही. मग तिनं आपल्या खोलीतला हंडा आणला. चिंच लावून लख्ख घासला, गाळून पाणी भरून रात्रभर ठेवला आणि सकाळी त्यातलं पाणी टाकीत ओतलं.

सुरुवातीला प्रवाळं फुलली. मग एक मिटलं. मग त्याच्या शेजारचं. मांस खडकावरून सुटून धाग्यासारखं लोंबायला लागलं.

शेजारच्या बंगल्याचा माळी रखमाजी कुंपणावरून डोकावला. "काय वो झुंबरबाई, दगडाला ताप आला व्हय?"

"तुमच्या जिभंला यावा."

"आवं, चेष्टा केली. वाघजाईला नारळ बोला."

"बोलले कवाच."

नारळ बोलून झाला होता. दिवा कमी करून झाला. पडवीला गोणपाट लावून झालं. अनघा फोनवर फोटो मागायची, क्षार मोजायला सांगायची. झुंबरबाईला एकच उपाय हातातला वाटत होता, पाणी. प्रवाळं जेवढी सुकत होती तेवढा ती हंडा जास्त घासत होती. चिंचेनं तिची बोटं चरचरत. आत दिवाणखान्यात आबा ओठ मिटून बसलेले असत आणि डाळभात ताटलीत थंड होई.

अनघा आली ती पहाटेच निघून आली. लहान टाकीत वाकून तिनं वास घेतला, नाक मागं घेतलं. मग तिची नजर कोपऱ्यात गेली.

"मावशी, हा हंडा इथं कशाला?"

"पानी भरून ठिवते न्हवं. दुसरा क्यान न्हवता. रोज घासते, ताई."

अनघा खाली बसली. ओरडली असती तर बरं झालं असतं. "तांबं यांना विष असतं," ती म्हणाली. "थोडंसं उतरलं तरी. आबा हात घालताना ते तांब्याचं कडं का काढायचे?"

झुंबरबाईनं आपल्या तळव्याकडं पाहिलं. वर्षानुवर्षं ते कडं इथं ठेवलं जात होतं. तिला वाटायचं, खाऱ्या पाण्यानं कडं खराब होईल म्हणून.

"मोठ्या टाकीत?" अनघाचा आवाज फाटला.

"न्हाई. तिचं तिच्या क्यानातलं. एकाची वस्तू दुसऱ्याला न्हाई, तुमीच म्हनला."

अनघानं कपाळ गुडघ्यांवर टेकवलं. "कॅन मी विसरले," ती म्हणाली. दोघींनी मिळून पाणी बदललं. मेलेले तुकडे काढले. एक उरला, अर्धा पांढरा, अर्धा तपकिरी.

"ताई, ह्यो येक हाय अजून."

"हो. पण आबा नाही थांबू शकत, मावशी. त्यांचे हात बघा, कसे वाळलेत."

रविवारी आबा पुण्याला निघाले. गाडीत बसवताना त्यांची मान दिवाणखान्याच्या खिडकीकडं वळली होती, ती कुणीतरी हळूच सरळ केली. "तुम्हीपण चला ना," अनघा म्हणाली. झुंबरबाई म्हणाली, "मग ह्याला कोन बगंल?" आणि तिचं तिलाच कळेना की ती नेमकं कुणाबद्दल बोलली.

हंडा तिनं जास्वंदीखाली पालथा घातला. रोज नव्या प्लास्टिकच्या कॅनमधून पाणी भरायची. मोठ्या टाकीसमोरची जागा रिकामी होती, तरी ती पुसताना खुर्चीच्या चाकांच्या खुणांना वळसा घालून फडकं फिरवी.

एका दुपारी फोन वाजला.

"मावशी, जेवतच नाहीत हो. नर्सनं नळी घालावी लागेल म्हणून सांगितलंय." अनघा रडत होती. "ते... उघडलं का?"

झुंबरबाई टाकीपाशी उकिडवी बसली. तपकिरी बाजूला केसाएवढं काहीतरी हलत होतं, का पंपाचं पाणीच ते हलवत होतं, तिला सांगता येईना. खोटं बोलायला जीभ वळली होती.

"उघडलं न्हाई," ती म्हणाली. "पर मेलं बी न्हाई. ताई, फोटूचा फोन लावा. आबांच्या म्होरं धरा. ताटली घिऊन बसा."

पडद्यावर पांढरी भिंत दिसली, मग आबांचा कान, मग चेहरा. झुंबरबाईनं आपला फोन काचेजवळ नेला आणि दुसऱ्या हातानं पंपाची तोटी त्या तुकड्याकडं वळवली. पाणी हललं.

"आता, ताई," ती म्हणाली. "घास म्होरं करा. वाईच थांबा तसंच. मागं घिऊ नका."

पलीकडून काही ऐकू येत नव्हतं. तिनं फोन धरून ठेवला. हात भरून आला, तरी धरून ठेवला.