वायरीतात्यांचं बॉनेट

रस्त्यात कुणाचीही गाडी बॉनेट उघडून उभी दिसली की वायरीतात्या आमची जीप थांबवत. मदत कुणी मागितली असो वा नसो. खाली उतरायचे, खाकी पँटचे पाय दोनदा दुमडायचे आणि त्या परक्या इंजिनात सरळ डोकं घालायचे. मग आतून पहिला आवाज यायचा तो जीभ टाळ्याला लावून काढलेला ‘च्यक्’. तो ऐकला की मी पुस्तक उघडून बसायची. आता तासभर सुटका नाही, हे मला ठाऊक असायचं.

भुकूमच्या चढाला एकदा एका वऱ्हाडाची बस बंद पडली होती. बिघाड किरकोळ होता. तात्यांनी तो पाच मिनिटांत काढला, पण बॉनेट काही बंद करू देईनात. आत वायरी नुसत्या लोंबत होत्या, एकीवर एक, कुठली कुठे जाते पत्ता नाही. तात्या त्या एकेक करून सोडवायला लागले. नवरीचा बाप हात जोडून म्हणाला, “अहो, मुहूर्त टळतोय.” तात्यांनी मान वर न करता सांगितलं, “मुहूर्त उद्या बी घावंल. हा गुंता घाटात पेटला तर नवरी कुटनं आणाल?” मुहूर्त टळलाच. पण पुढे तेच गृहस्थ लेकीच्या पहिल्या बाळंतपणाला आमच्या दवाखान्यात आले, तेव्हा आधी तात्यांना शोधत जीपपाशी गेले.

ही गोष्ट एकोणीसशे साठच्या आसपासची. मी पुण्याहून सुईणीचं शिक्षण घेऊन नुकतीच पौडच्या सरकारी दवाखान्यात लागले होते. वय तेवीस, नोकरी कच्ची. दवाखान्याला लढाईच्या डिस्पोजलमधली, म्हणजे लष्कराने विकून टाकलेली, एक जीप होती. वरून पांढरा रंग दिला होता. पण जरा खरवडलं की लष्करी हिरवा बाहेर यायचा. ती चालवायला तात्या. त्यांचं खरं नाव मस्टरवर होतं, पण अख्खा मुळशी तालुका त्यांना वायरीतात्या म्हणायचा. लढाईच्या काळात ते लष्कराच्या कुठल्याशा वर्कशॉपात होते आणि गाडीतली वीज तिथेच शिकले होते.

त्यांचं मूळ गाव धरणाच्या पाण्याखाली गेलं होतं. आठ-नऊ वर्षांचे असताना आईच्या मागोमाग भांडी डोक्यावर घेऊन ते गाव सोडून वर आले. जलाशयाच्या काठाने जीप जायची तेव्हा एका ठरावीक वळणावर तात्या तीनदा हॉर्न वाजवत. समोर माणूस नसे, जनावर नसे. पहिल्यांदा मी विचारलं तेव्हा त्यांनी पाण्याकडे बोट केलं. “तितं आमचं दार हाय. दारात गाडी आली, कळाय नको?” एकदा जिल्ह्याचे मोठे अधिकारी गाडीत होते. ते दचकले, वैतागले आणि म्हणाले, “विनाकारण हॉर्न वाजवू नका.” परतताना त्याच वळणावर तात्यांनी सहा वेळा वाजवला.

त्या पाण्यावर तयार होणारी वीज डोंगरावरून मुंबईला जायची आणि पौडात आम्ही रोज कंदिलाच्या काचा पुसायचो. तात्या यावर भाषण करत नसत. पण त्यांच्या ताब्यात जेवढी वीज होती, म्हणजे त्या जीपची बॅटरी आणि तिच्यातून निघणाऱ्या पंधरा-वीस वायरी, तेवढ्यांवर मात्र त्यांचं राज्य होतं.

ती जीप आली तेव्हा तिच्या वायरिंगला दहा हात लागून गेले होते. कापडात गुंडाळलेल्या जुन्या वायरी, जागोजागी जोड, मध्येच सुतळी. भाताच्या दिवसांत उंदीर बॉनेटमध्ये शिरून त्या कुरतडायचे. तात्यांनी किती रविवार त्यात घातले देव जाणे. सगळ्या वायरी नव्याने ओढल्या. त्या इंजिनावरून न नेता मडगार्डच्या दुमडीखालून नेल्या, वर सायकलच्या जुन्या ट्यूबची खोळ चढवली. जिथे पत्र्यातून वायर जाते तिथे चपलेच्या रबराची चकती बसवली, म्हणजे पत्र्याची धार लागायला नको. प्रत्येक वायरीच्या दोन्ही टोकांना त्यांच्या बायकोच्या, म्हणजे आमच्या वहिनींच्या, शिवणाच्या डब्यातला एकाच रंगाचा दोरा. काम संपलं तेव्हा बॉनेट उघडलं की फक्त इंजिन दिसायचं. वायर म्हणून दिसायचीच नाही.

“दिसाय नको, असाय पायजे,” हे त्यांचं ब्रीद होतं.

वायरींचा जुडगा बांधायला त्यांना टाके घालायचा रेशमी दोरा हवा होता. मी साफ नकार दिला. ते म्हणाले, “बाई, पोट शिवल्यावर दोरा भाईर लोंबता ठेवता का तुमी?” मी म्हणाले, “नाही.” “मग माजं बी पोटच हाय हे.” दोरा मी दिला नाही, पण आम्ही टाक्याला मारतो ती गाठ शिकवली. ती ओल्या दोऱ्याने मारली की सुकल्यावर सरकत नाही. दोन दिवस ते दवाखान्याच्या पायरीवर बसून सुतावर गाठी मारत होते. तिसऱ्या दिवशी त्यांची गाठ माझ्यापेक्षा बारीक येऊ लागली.

मग खात्याच्या वर्कशॉपचे साहेब तपासणीला आले.

हे साहेब पुण्याहून वर्षातून एकदा यायचे आणि सरकारी गाड्या बघून जायचे. त्यांनी बॉनेट उघडलं आणि विचारलं, “वायरिंग कुठाय?” तात्या म्हणाले, “जाग्यावर हाय.” साहेबांनी वाकून, बोटं घालून पाहिलं. मग ते तापले. मूळ वायरिंगला हात लावायचा अधिकार ड्रायव्हरला नाही, वायरी उघड्या हव्यात, उद्या बिघाड झाला तर शोधायचा कुठे, हे सगळं उखडा.

तात्या म्हणाले, “साहेब, माजं डोळं बांधा. तुमाला वाटंल ती वायर सोडा. शोधून दावतो.”

बाह्यरुग्णांची रांग तोवर जीपभोवती गोळा झाली होती. साहेबांना मागे हटता येईना. तात्यांनी स्वतःच डोळ्यांवर रुमाल बांधला. साहेबांनी दोन वायरी सोडल्या, एक हॉर्नची आणि एक डायनॅमोची. तात्यांनी दुमडीखालून बोटं फिरवली, चपलेच्या चकत्या मोजत गेले आणि विडी शिलगवायला लागेल एवढ्या वेळात दोन्ही जागच्या जागी लावून हॉर्न वाजवला. लोक हसले. कुणीतरी टाळ्याही वाजवल्या. आमच्या दवाखान्याचे डॉक्टर मात्र हसले नाहीत. ते माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, “झालं. आता हा माणूस गेला.”

आठवड्यात मेमो आला. वायरिंग लपवल्याबद्दल खुलासा करा. तात्यांना लिहिता यायचं ते सहीपुरतं. खुलासा मी लिहिला, त्यांनी सांगितला. मी सौम्य शब्द घालायला लागले की ते थांबवत. “मी वायरी लपवल्या न्हाईत. चोर लपवतो. मी त्या जाग्यावर ठिवल्या. हितनं पुढं बी तशाच ठिवीन.” शेवटचं वाक्य गाळू या, असं मी तीनदा म्हणाले. तात्या म्हणाले, “त्येच तर लिवायचं हाय. बाकी समदं तुमच्या हौशीसाठी सांगितलं.”

ते सस्पेंड झाले. सरकारी वाहनाला हात लावायचा नाही, असा लेखी हुकूम आला. जीप पुण्याला नेली आणि नियमाप्रमाणे करून परत आणली. मी मुद्दाम बॉनेट उघडून पाहिलं. वडाच्या पारंब्यांसारख्या वायरी पुन्हा इंजिनावर लोंबत होत्या. तात्या रस्त्याच्या पलीकडे उभे होते. मी त्यांना बोलावलं तर हात हलवून म्हणाले, “झाका ते. बघवत न्हाई.”

दीडेक महिन्याने धरणापलीकडच्या एका वाडीतून निरोप आला. पहिलटकरीण दोन दिवस अडली होती. चार माणसांनी तिला झोळीतून डोंगराखाली रस्त्यापर्यंत आणलं, तिथून आम्ही जीपमध्ये घेतलं; झोळीवाल्यांपैकी दोघेही मागे चढले. मी तपासलं आणि समजले की हे माझ्या हातातलं नाही, पुण्याला न्यायला हवं. पौड मैलभर राहिलं असताना बॉनेटमधून धूर आला आणि जीप थांबली. एक वायर घसरून सायलेन्सरच्या तापलेल्या पाइपावर बसली होती. तिच्या अंगावरचं कापड जळलं होतं आणि शेजारच्या चार वायरीही त्यात गेल्या होत्या. बदली ड्रायव्हर भला माणूस होता, पण त्याला यातलं काही कळत नव्हतं. झोळीवाल्यांपैकी एकाला मी म्हणाले, “पळ. वायरीतात्यांना घेऊन ये. बाईंनी बोलावलंय म्हणून सांग.”

तात्या सायकलवरून आले. शर्टाची बटणंही लावली नव्हती. बदली ड्रायव्हर चाचरत म्हणाला, “तात्या, तुमाला हात लावाय बंदी हाय.”

“मग तू डोळं मिट,” तात्या म्हणाले.

मागे ती पोर दात खाऊन कण्हत होती. मी तिचा हात धरून बसले होते आणि बॉनेटमधून येणारा आवाज ऐकत होते. ‘च्यक्’ एकदाही आला नाही. त्यांनी जळालेलं सगळं उपटून काढलं, बॅटरीपासून कॉइलपर्यंत एकच वायर सरळ ओढली, स्वतःच्या शर्टाची पट्टी फाडून ती बांधली आणि हँडल मारलं. जीप सुरू झाली. मग ते कुणाला न विचारता ड्रायव्हरच्या जागी बसले. जीप थेट पुण्याच्या मोठ्या दवाखान्याच्या दारात नेऊन उभी केली.

बाई वाचली. मूल गेलं.

मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तासभर आधी आणलं असतं तर कदाचित वाचलंही असतं, सांगता येत नाही. तो तास कुठे गेला, ते आम्हा दोघांना माहीत होतं. तात्यांनी जीप तशीच वर्कशॉपला नेली, साहेबांच्या खोलीसमोर उभी केली आणि बॉनेट उघडलं. मीही बरोबर होते. साहेब बाहेर आले. तात्यांनी जळक्या वायरींचा झुबका त्यांच्या हातात दिला आणि एवढंच म्हणाले, “घावला का बिघाड?”

त्या मुलीच्या नवऱ्याने तक्रारीचा अर्ज केला, तसा खात्याला एक कागद लागला. तो वरून तयारच आला. जीप बंद पडली ती निलंबित ड्रायव्हरने पूर्वी केलेल्या बेकायदेशीर वायरिंगमुळे, असं त्यात होतं. ते वायरिंग केव्हाच उखडून टाकलंय, हे शिपायापासून सगळ्यांना ठाऊक होतं. डॉक्टरांनी खाली मान घालून सही केली. त्यांना तीन मुली होत्या. मी त्यांना दोष देत नाही. दुसरी सही माझी हवी होती, कारण जीपमध्ये मी होते.

मी चार दिवस मागितले. तिसऱ्या दिवशी तात्या स्वतःच माझ्या खोलीच्या दारात आले. म्हणाले, “बाई, सही करा. तुमची नोकरी कच्ची हाय. माजी तशी बी गेलीच.”

“तात्या, हे खोटं आहे.”

“व्हय, हाय की. म्हनून तर सांगाय आलो. माज्यासाठी नका अडू.”

“तुमच्यासाठी नाही अडले,” मी म्हणाले. आवाज चढला होता माझा. “तिचा हात मी धरला होता.”

तात्या पायताण घालून निघून गेले. चौथ्या दिवशी मी त्या कागदाच्या मागे माझ्या अक्षरात घडलं ते सगळं लिहिलं, त्याखाली सही केली आणि डॉक्टरांच्या टेबलावर ठेवलं. तात्यांना बडतर्फ केलं. मला काढलं नाही. माझा जबाब फायलीत राहिला म्हणून असेल, किंवा त्या डोंगरात यायला दुसरी कुणी सुईण तयार नव्हती म्हणून असेल. पण जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, जिथे कुणी जात नाही अशा गावी बदली झाली.

तात्यांनी नंतर पौडच्या रस्त्याला पत्र्याची शेड टाकली. ट्रकवाले लांबून यायचे, असं ऐकलं. वहिनींचं एक पत्र आलं होतं, कुणाकडून तरी लिहवून घेतलेलं: अधूनमधून सरकारी गाड्याही येतात, ड्रायव्हर चोरून आणतात, हे नाही म्हणत नाहीत. पुढे काही वर्षांनी दुसरं पत्र आलं. तात्या ताप येऊन आठ दिवसांत गेले होते. ते पत्र मी दवाखान्याच्या पायरीवर बसून वाचलं आणि आत जाऊन एका बाळंतिणीचे टाके काढले.

पण ते आठवतात ते मी पौड सोडलं त्या दिवशीचे. एसटीपाशी माझी वळकटी खांद्यावर घेऊन आले होते. ती टपावर चढवली, स्वतः बांधली, ओढून पाहिली. वहिनींनी तांदळाची पुरचुंडी दिली, आंबेमोहर होता. तात्या खिडकीशी येऊन रागावल्यासारखे म्हणाले, “सही केली असती तर हितंच ऱ्हायला असता.”

“तुम्ही केली असती?”

त्यांनी खरंच विचार केला. “न्हाई,” म्हणाले.

बस घरघरायला लागली. ते खिडकीचा गज धरून दोन पावलं बरोबर चालले. “बाई, तिकडं गेल्यावर आपन कुनाला भीत न्हाई हे पयल्याच दिशी कळू द्यायचं. मागनं सांगाय गेलं की लई तरास हुतो.”

नव्या गावी मी पोचले तेव्हा दुपार होती. बाळंतिणींच्या खोलीला कुलूप होतं. उघडायला लावलं, तर आत सरपंचांची भाताची पोती. कंपाउंडर म्हणाला, “असू द्या हो, पुढच्या आठवड्यात हलवतील.” मी पदर खोचला आणि पहिल्या पोत्याचा कान धरला. संध्याकाळपर्यंत सगळी पोती रस्त्यावर होती.