नऊ ते सहा व्हिडिओ बंद

आमच्या घराला इंटरनेटची एकच लाइन. रस्त्यावरच्या खांबावरून निघून ती दोन माडांच्या आधाराने ओटीवर येते आणि तिथून मागच्या तीन पाहुण्यांच्या खोल्यांना पुरते, म्हणजे पुरत नाही. नागावचा समुद्र आमच्या वाडीपासून दहा मिनिटांवर. पण पाहुणे खोलीत बॅग टाकतात आणि आधी वायफायचा पासवर्ड विचारतात. समुद्र काय, कुठे पळून जाणार आहे! मग चौघं चार फोनवर चार व्हिडिओ लावून आडवे होतात. त्यातले निदान दोन समुद्राचे असतात.

आई गेल्यावर मी मुंबईची खोली सोडून घरी आलो. ऑफिसने घरून काम करायची परवानगी दिली. महिन्यातून एकदा मांडव्याहून बोट पकडून तोंड दाखवून यायचं, एवढंच. आईच्या कपाटाशेजारी टेबल टाकलं आणि नऊ ते सहा मीटिंगा सुरू झाल्या. रडू वगैरे आलं नाही. लोक म्हणाले, पोरगा खंबीर आहे. खंबीर कसला, मला काही वाटतच नव्हतं. दात काढायच्या आधी इंजेक्शन देतात आणि मग आपलाच गाल आपला राहत नाही, तसं झालं होतं.

बाबांचं वेगळं होतं. त्यांच्याकडे एक व्हिडिओ होता. दोन वर्षांपूर्वी आमच्याकडे उतरलेल्या एका मुलीने आमच्या स्वयंपाकघरात तो काढून नेटवर टाकला होता. नऊ मिनिटांचा. त्यात आई विळीवर नारळ खवते आणि वालाचं बिरडं कसं करायचं ते सांगते, कॅमेऱ्याकडे एकदाही न बघता. मध्येच ती खिडकीकडे वळून ओरडते, "आरे, पंप बंद कर ना! पानी पार रस्त्याव गेलं!"

ही हाक मला आहे. मी तेव्हा सुट्टीवर आलो होतो आणि पंप चालू करून फोन बघत बसलो होतो.

बाबा दिवसभर ओटीवरच्या झोपाळ्यावर बसून तो व्हिडिओ लावत. ऐकू कमी येतं, म्हणून आवाज मोठा. संपला की पुन्हा. ओटीची आणि माझ्या खोलीची भिंत एकच. आईने हाक मारली की मी खुर्चीतून अर्धा उठायचो. दर वेळी. एकदा मीटिंगमध्ये ऑफिसच्या मॅडमनी विचारलं, "कुठे निघालात?" पहिल्या आठवड्यात याचं मला हसू आलं. मग राग यायला लागला. आईचा नाही, बाबांचाही नाही. त्या अर्धवट उठण्याचा.

दिवाळीनंतर पाहुण्यांची रीघ लागली आणि मीटिंगमध्ये मी तोंड उघडं ठेवून स्क्रीनवर अडकू लागलो. एका रविवारी राउटरची सेटिंग उघडली. घरातला प्रत्येक फोन तिथे यादीत दिसतो. कुठल्या फोनला कुठल्या साइट किती वेळ द्यायच्या, सगळं आपल्या हातात. मी सगळ्या व्हिडिओच्या साइट सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा बंद केल्या आणि खोल्याखोल्यांतून तसा कागद चिकटवला. यादीत बाबांचा फोनही होता. त्याच्यापुढे एक खूण केली असती तर तो वगळला गेला असता. तो एक व्हिडिओ त्यांच्या फोनमध्ये उतरवून दिला असता तरी भागलं असतं, दोन मिनिटांचं काम. दोन्ही केलं नाही. लाइन पुरत नव्हती हे खरंच होतं, पण मला ती हाक ऐकायची नव्हती हे जास्त खरं होतं.

बाबांना सांगायला गेलो तेव्हा भांडणाची तयारी करूनच गेलो होतो.

"बाबा, नऊ ते सहा व्हिडिओ लागणार नाहीत. माझं काम असतं."

त्यांनी फोनकडे पाहिलं. "म्हंजे दिवसाची पाळी तुजी."

"हो."

"बरं," म्हणाले, आणि फोन खिशात ठेवला.

आमची आणि शेजारच्या चुलत्यांची विहीर एकच आहे. सकाळचं पाणी आमच्या वाडीला, दुपारनंतरचं त्यांच्या. पाळी बदलली की आपला पाट मातीने बुजवायचा आणि दुसऱ्याचा मोकळा करायचा. मी नऊ-दहा वर्षांचा असताना एका उन्हाळ्यात सुपारीची नवी रोपं माना टाकायला लागली होती. चुलत्यांची पाळी चालू होती. मी हळूच बोटभर माती काढली आणि पाणी आमच्या आळ्यांत घेतलं. बाबांनी पाहिलं, माझ्या पाठीत एक धपाटा घातला आणि स्वतःच्या हाताने पाट बुजवला. ती रोपं गेली. त्याबद्दल ते चुलत्यांकडे कधी बोलले नाहीत. दुसऱ्याच्या पाळीत पाणी घ्यायचं तर नाहीच, पण मागायचंही नाही, असं त्यांचं आहे. त्यांनी माझ्याकडे व्हिडिओ का मागितला नाही हे मला त्या दिवशीच कळलं होतं. कळूनही मी बंदी तशीच ठेवली.

सहानंतर पाहुणे समुद्रावरून परत येत, सगळे एकदम व्हिडिओ लावत आणि बाबांच्या फोनवर नुसतं चाक फिरत राही. त्यांच्या सिमला आमच्या वाडीत रेंज नाही. थोडा वेळ बघून ते जेवायला उठत आणि आठला झोपत. काही दिवसांनी त्यांनी फोन काढणंच सोडलं. माझ्या मीटिंगा सुरळीत झाल्या. मॅडम म्हणाल्या, आता छान दिसता स्क्रीनवर.

एकदा एक पाहुणी म्हणाली, कार्टून लावल्याशिवाय आमची मुलगी जेवत नाही हो. भर दुपारी मी तिच्यासाठी तासभर उघडून दिलं. बाबा त्याच मुलीचं ताट घेऊन माझ्या मागे उभे होते. त्यांनी ताट ठेवलं आणि आणखी भात हवा का विचारलं. तेव्हा तरी मला काही वाटायला हवं होतं.

एप्रिलमध्ये लाइनवाल्याने नवी, जाड केबल ओढली. आता सगळ्यांनी मिळून सिनेमे लावले तरी माझी मीटिंग अडकत नाही. बंदीला कारणच उरलं नाही. मी राउटरवरची ती अट काढली, खोल्यांतले कागद फाडले आणि ओटीवर आलो. बाबा झोपाळ्यावर बसून सुपारी सोलत होते.

"बाबा, आता दिवसाही लागेल. कधीही लावा."

"नको रे," ते मान वर न करता म्हणाले. "सवय झाली आता."

मी खोलीत आलो. सहा महिन्यांपूर्वी ते माझ्यावर ओरडले असते तर बरं झालं असतं, असं वाटलं. खूप दिवसांनी काहीतरी वाटलं होतं आणि ते मला सोसत नव्हतं. मी लॅपटॉपवर तो व्हिडिओ शोधला. आजवर तो भिंतीपलीकडूनच ऐकला होता, पाहिला नव्हता. आईने निळी साडी नेसली होती, माझ्या ते लक्षातही नव्हतं. लॅपटॉपचा आवाज मीटिंगसाठी वाढवलेला तसाच होता. ती वाल सोलायचे कसे ते सांगत होती. मग खिडकीकडे वळली.

"आरे, पंप बंद कर ना! पानी पार रस्त्याव गेलं!"

या वेळी मी उठलो नाही. बाहेर झोपाळ्याच्या कड्या वाजल्या. बाबांच्या चपला घराच्या मागे गेल्याचं ऐकू आलं, घाईघाईने. मी व्हिडिओ थांबवला.

थोड्या वेळाने ते दारात आले. धाप लागली होती, हाताला सुपारीचा चीक तसाच. लॅपटॉपकडे त्यांचं लक्ष नव्हतं.

"बंदच हाय पंप," ते म्हणाले. "सांग तिला."

मी हो म्हणालो.