एंटर दाबण्याआधी

साखळीच्या बाजारातल्या हॉटेलात मी पाव-भाजीतला पहिला तुकडा मोडत होतो आणि फोन वाजला. पडद्यावर सुलक्षाचं नाव. कित्येक आठवडे ती माझ्या मागे लागली होती, की पेडण्याला ये, माझ्या बारावीच्या मुलांशी तासभर बोल, आणि मी दर खेपेला नवं कारण शोधत होतो. म्हणून या वेळी तिला तोंड उघडायलाच दिलं नाही. "येतां गे बाये, येतां! ह्या शेनवारा नक्की. हार तेवढा तयार ठेव, मोठा माणूस आहे मी आता!" पलीकडे कोणी हसलं नाही. मग तिच्या धाकट्या भावाचा, नितेशचा, आवाज आला. "दादा, मी नितेश... ताय गेली." सकाळी शाळेत निघताना डोकं दुखतंय म्हणाली, उंबऱ्यातच बसली, आणि म्हापशाला इस्पितळात नेईपर्यंत मेंदूतल्या रक्तस्रावाने सगळं संपलं होतं. चुकीच्या वेळी चुकीचं बोलणं हा माझा जुना व्यवसाय आहे, पण त्या हाराची बरोबरी करील असं काही माझ्या तोंडून याआधी निघालं नव्हतं.

आमची ओळख अभ्यासाच्या घाईतली. संगणकशास्त्राची पदवी आणि पदव्युत्तर पदवी, दोन्ही मिळून चार वर्षांत, असा तो अभ्यासक्रम होता. सरळ वाटेने जाणाऱ्याला पाच लागतात. एक वर्ष वाचवायचं म्हणून आम्ही तिसऱ्या वर्षातच सकाळी पदवीच्या वर्गात आणि दुपारी एम.एस्सी.च्या वर्गात बसायचो, आणि तिथले मोठे विद्यार्थी आम्हाला 'दीडवाले' म्हणायचे. मी त्यात शिरलो त्याचं कारण एवढंच, की बाबांनी आमच्या गावात, आमोण्यात, सगळ्यांना ते आधीच सांगून टाकलं होतं. बाकीच्यांना घाई होती बंगळूरला पोचायची. एकट्या सुलक्षाला घाई होती पेडण्याला परत जायची. ती जिथे शिकली त्या उच्च माध्यमिक शाळेतले संगणकाचे सर चार वर्षांनी निवृत्त होणार होते. त्यांची जागा तिला हवी होती, आणि तिथे पदव्युत्तर पदवी लागे. पाच वर्षं लावली असती तर जागा दुसऱ्या कोणाची झाली असती. "आणि मग ती पुढची तीस वर्षां रिकामी होवची नाय," असं ती म्हणायची, आणि म्हणताना हसायची नाही.

पाचव्या सत्रात चाळणी होती. दोघादोघांनी मिळून प्रकल्प करायचा आणि तो परीक्षकांपुढे चालवून दाखवायचा. पसंत पडला तर पुढे, नाहीतर साधी पदवी घेऊन घरी. जोडी बुडाली तर दोघं बुडणार. सरांनी चिठ्ठ्या टाकून जोड्या लावल्या, आणि वर्गातली सगळ्यात काटेकोर मुलगी माझ्या वाट्याला आली. तिच्या वाट्याला काय आलं, ते पुढे येईलच.

तिची काम करायची एक पद्धत होती. प्रोग्रॅम लिहून झाला, की एंटर दाबण्याआधी ती दोन्ही हात कीबोर्डावरून उचलून मांडीवर ठेवायची, मलाही ठेवायला लावायची, आणि म्हणायची, "वाचून दाखय." एकेक ओळ, मोठ्याने, आपल्या भाषेत. इंग्रजीत वाचलं तर चालायचं नाही. "इंग्लिशीत वाचलंस तर तुका समजल्यासारखा वाटता," असं तिचं म्हणणं. आजूबाजूचे लोक दहा वेळा चालवून दहा वेळा आपटून पुढे गेलेले असायचे आणि आम्ही दोघं पोथी लावल्यासारखे वाचत बसलेलो. मी चिडायचो. "एक्सप्रेस गाडीत बसून तू दर फाटकाला उतरतेस गे!" ती शांतपणे म्हणायची, "उतरतंय. तू वाच."

आमचा प्रकल्प होता माटोळी ओळखण्याचा. गणपतीच्या डोक्यावर लाकडी चौकट टांगून तिला रानातली फळं, पानं, फुलं बांधतात, ती माटोळी. त्यातलं कवंडळ कुठलं, करमळ कुठलं, हे आजकालच्या पोरांना सांगता येत नाही, म्हणून फोटो दाखवला की नाव सांगणारा प्रोग्रॅम. यंत्राला शिकवायला फोटो लागतात, ढिगाने. चवथीच्या सुट्टीत प्रत्येकाने आपापल्या भागातून काढायचे ठरले, आणि लालभडक कवंडळ माझ्या वाट्याला आलं. मी आमच्या घरच्या माटोळीखाली उताणा झोपून सगळे फोटो एका बैठकीत काढले. दुपारच्या झोपेलाही वेळ उरला.

सुट्टी संपली. परीक्षक परवा येणार. सगळं चालत होतं, आकडे सुंदर येत होते, मी एंटरवर बोट ठेवलं. "वाचून दाखय." मी दात-ओठ खात वाचू लागलो. ह्या फोल्डरातले कवंडळाचे सगळे फोटो घे... "खयचे फोटो?" ती म्हणाली. आमच्या माटोळीचे. "सगळे?" सगळे. तिने कॅमेरा प्रिंटरच्या लाल दिव्याकडे वळवला. पडद्यावर आलं: कवंडळ. चार्जरचा दिवा: कवंडळ. मग ट्यूबलाइटखाली बसलेला मी: कवंडळ. "ह्या मातर बरोबर," सुलक्षा म्हणाली.

आमच्या माटोळीभोवती बाबांनी दिव्यांची माळ सोडली होती. यंत्र फळ शिकलंच नव्हतं, दिवे शिकलं होतं. हसून झाल्यावर तिचा चेहरा उतरलेला दिसला. माटोळीचा बाजार उठला होता, बहुतेक घरचे गणपती बोळवून झाले होते, आणि कवंडळ कोणी वर्षभर घरात ठेवत नाही. एकच घर उरलं होतं. पेडण्याजवळच्या गावात तिच्या मामाकडे गणपती अनंत चतुर्दशीपर्यंत असतो, आणि चतुर्दशी उद्याच होती.

दुसऱ्या दिवशी माझ्या मोटरसायकलवरून आम्ही दुपारी तिथे पोचलो. मामांनी ऐकून घेतलं आणि मान हलवली. "उत्तरपूजा होयसर माटोळीक हात लावचो नाय. भटजी येवंदेत." भटजींना त्या दिवशी गावभर उत्तरपूजा होत्या. इकडे आभाळ भरून आलेलं, अंगणातला उजेड कमी होत चाललेला. उजेड गेला की फोटो गेले, फोटो गेले की उद्या गेला. सुलक्षा खळ्यात येरझाऱ्या घालत होती आणि दर वेळी रस्त्याच्या वळणाशी थांबत होती. मला तिचं ते थांबणं बघवेना. माझ्या डोक्यात एक तोडगा आला, आणि माझे तोडगे कसे असतात ते एव्हाना वाचकांना कळलं असेल. खोलीत कोणी नाही असं बघून मी स्टुलावर चढलो आणि टोकाचं एक कवंडळ हळूच ओढलं. गाठ सुटली नाही. चौकट हलली, आणि सुपारीचा अख्खा घड गणपतीच्या पुढ्यात, समईला चाटून, धप्पकन पडला.

सगळं घर दारात जमलं. मामींचा हात तोंडावर गेला. मामा एकदा घडाकडे, एकदा स्टुलावरच्या माझ्याकडे बघत राहिले. वाटलं, सुलक्षा काहीतरी सारवासारव करील, मांजर वगैरे म्हणेल. ती म्हणाली, "ह्यानी ओढल्यान, मामा." एवढंच. मग माझ्याकडे वळून, "खाली उतर." मामांनी घड उचलून बाजूला ठेवला आणि म्हणाले, "सांगलंस ता बरा झाला. आता हो आरती होयसर हयच बसतलो."

मी बसलो. भटजी आले, आरत्या झाल्या, ताट धरायचं काम मला मिळालं आणि ते कोणी शेवटपर्यंत माझ्या हातातून घेतलं नाही. खिडकीतला उजेड राखाडी होत होता... मंत्र संपेनात. शेवटी मूर्ती जागची हलवली, आणि मामांनी स्वतः स्टुलावर चढून पहिलं कवंडळ सोडलं ते माझ्या तळव्यावर ठेवलं. "आता घे. आता तुजा." उरलेल्या उजेडात आम्ही अंगणात वेड्यासारखे फोटो काढले. केळीच्या पानावर, ओल्या चिऱ्यावर, माझ्या हेल्मेटात, मामांच्या मुठीत.

परीक्षकांपुढे मी घामाने भिजलो होतो. एंटरकडे बोट गेलं आणि सुलक्षाने माझं मनगट धरलं. "वाचून दाखय." एक परीक्षक घड्याळ बघून म्हणाले, "बाई, वेळ कमी आहे." "म्हणूनच, सर," ती म्हणाली. मी वाचलं. प्रोग्रॅम चालला. कवंडळ बरोबर आलं, करमळाला मात्र त्याने नारळ म्हटलं. तिने पडद्याकडे बोट करून सांगितलं, "हे चुकलं. का चुकलं ते सांगते." तिने दिव्यांच्या माळेपासून सगळं सांगितलं, कोणाचे दिवे तेही. परीक्षकांनी एकमेकांकडे पाहिलं. नंतर मला कोणीतरी सांगितलं, की बाकी सगळ्यांचे प्रोग्रॅम त्यांच्या मते कधीच चुकत नव्हते.

आम्ही पुढे गेलो. तिला तिची जागा मिळाली. मी बंगळूरच्या कंपनीचा माणूस झालो आणि आमोण्याच्या घरात बसून काम करू लागलो. तिच्या शाळेत काही मी गेलो नाही.

गेल्या शनिवारी गेलो. मुख्याध्यापिकांनी हार आणला होता, तो मी तिच्या फोटोला घातला. वर्ग भरलेला. तिची खुर्ची कोणी हलवली नव्हती, मीही उभाच राहिलो. मुलांना दाखवायला तोच जुना प्रोग्रॅम नेला होता. घसा साफ करून, काहीतरी विनोद करून, मी एंटरकडे हात नेला, आणि कीबोर्डांचा आवाज एकदम थांबला. सगळ्या वर्गाने हात उचलून मांडीवर ठेवले होते. पहिल्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "सर, अजून वाचूक नाय." मी इंग्रजीत सुरुवात केली. "तसां नाय, सर. आपल्या भाषेत."

मी हात मागे घेतले. वाचू लागलो. ह्या फोल्डरातले कवंडळाचे सगळे फोटो घे... आणि मागच्या बाकावरून, अगदी तिच्याच सुरात, कोणीतरी विचारलं, "खयचे फोटो, सर?"

"तुमच्या बाईंच्या मामांच्या अंगणातले," मी म्हणालो. कोणीही हात कीबोर्डाकडे नेला नाही.